महाकाव्य रंगभूमीवर कसें उभें राहतें

नाटकास ‘भव्य’ हें विशेषण लावण्याची आपणां सर्वांस मोठी घाई असते. रंगमंचावर चाळीस माणसें एकदम आलीं, वाड्याचा दरवाजा खरोखरीच्या लाकडाचा असला, किंवा आपल्याकडील महानाट्यांतल्याप्रमाणें जिवंत घोडा प्रेक्षकांपुढून दौडत गेला, कीं आपण संतुष्ट होऊन म्हणतों, “केवढें हें नाटक!” पाश्चात्य रंगभूमीवर संगीत नाटकांचा एक वर्ग असा आहे कीं, त्यास ‘एपिक’ म्हणजे महाकाव्याचें विशेषण लावितात. हें विशेषण कोणत्या गुणामुळें शोभतें, याचा विचार येथें करावयाचा आहे. महाकाव्य लांब असतें हें खरें, पण लांबी ही त्याची व्याख्या नव्हे. महाभारतांत मुळांत तंटा एका घरांतला आहे. परंतु त्या तंट्यांत अठरा अक्षौहिणी सैन्य ओढलें जातें, आणि ज्यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता अशीं असंख्य माणसें धुळीस मिळतात. घरचें सुखदुःख व जगाची उलथापालथ यांची अशी गांठ पडली, म्हणजे महाकाव्यास आरंभ होतो. प्रश्न इतकाच कीं, ही गांठ संगीतानें कशी बांधावी?

या वर्गाचें पहिलें मोठें उदाहरण न्यूयॉर्कचें आहे. ता. २७ डिसेंबर १९२७ रोजीं तेथील झीगफेल्ड नाट्यगृहांत ‘शो बोट’ हें नाटक लागलें. एड्ना फर्बर या लेखिकेची कादंबरी आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झाली होती. तीवरून ऑस्कर हॅमरस्टाईन यांनीं संवाद व पदें रचिलीं आणि जेरोम कर्न यांनीं चाली दिल्या. तोंपर्यंत तिकडील बहुतेक संगीत नाटकें म्हणजे नाच, विनोद व सुंदर पोषाख यांची हलकी करमणूक असे. या नाटकांत मात्र मिसिसिपी नदीवरील एका तरंगत्या नाट्यगृहाची सुमारें चाळीस वर्षांची कथा होती. त्या नौकेवरील नटी ज्यूली ही मिश्र रक्ताची असून गोऱ्या पुरुषाशीं विवाहबद्ध आहे, व त्या प्रांताच्या कायद्याप्रमाणें हा विवाह म्हणजे गुन्हा! तिला नौका सोडून जावें लागतें. इकडे धक्क्यावर राबणारा कृष्णवर्णीय जो नदीला उद्देशून एक गाणें म्हणतो. पुढें वर्षें उलटतात, माणसें म्हातारीं होतात, संसार मोडतात. तें गाणें मात्र मधून मधून पुनः ऐकूं येतें. नदी तीच आहे आणि भार वाहणाराही तोच आहे, हें सांगण्यास एकही संवाद खर्चावा लागत नाहीं. पॉल रोबसन या थोर गायकानें हें गाणें १९२८ सालीं लंडनमध्यें गाइलें, आणि पुढें आपल्या जलशांत त्याचे शब्द बदलून थकलेल्या माणसाच्या तोंडीं झुंजीची भाषा घातली. आसामचे भूपेन हजारिका यांनीं याच गाण्यावरून स्फूर्ति घेऊन आपलें नदीचें गीत रचिलें; त्याचें हिंदी रूप आपल्यापैकीं अनेकांनीं ऐकलें असेल.

आतां आपल्याकडे पाहूं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें, तेव्हांपासून मराठी माणसास संगीत नाटकाचें वेड लागलें. परंतु आपल्या नाटकांतलें पद हें बहुधा त्या क्षणाचें असतें. शकुंतला सासरीं निघाली, पद झालें, डोळे पाणावले, ‘वन्समोर’ मिळाला, आणि तें पद तेथें संपलें. दोन अंकांनंतर तीच चाल दुसऱ्या पात्राच्या मुखीं आल्यास, कवीला नवी चाल सुचली नाहीं असेंच आम्ही म्हणूं. हें उणें नव्हे. ही गायनाची मैफल आहे व तिचा आनंद निराळा. महाकाव्यात्म संगीत नाटकांत मात्र चाल ही ठेवीसारखी असते. आरंभीं ठेवावयाची, आणि दोन तासांनीं व्याजासह उचलावयाची.

याचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे ‘ले मिझेराब्ल’. व्हिक्टर ह्यूगोनें आपली ही प्रचंड कादंबरी हद्दपारींत असतांना पुरी केली व ती १८६२ सालीं प्रसिद्ध झाली. साने गुरुजींनीं ‘दुःखी’ या नांवानें ती मराठींत आणिली आहे. तीवरून क्लोद-मिशेल शोनबेर्ग यांच्या संगीतानें व आलें बूब्लील यांच्या शब्दांनीं बनलेलें नाटक १९८० सालीं पॅरिसांत झालें. त्याचा इंग्रजी अवतार ता. ८ ऑक्टोबर १९८५ रोजीं लंडनमध्यें बार्बिकन नाट्यगृहांत आला. टीकाकारांनीं आरंभीं नाकें मुरडलीं. लोकांनीं तिकिटांसाठीं रांगा लावल्या.

भाकरीच्या चोरीपायीं एकोणीस वर्षें कैद भोगलेला जाँ वालजाँ १८१५ सालीं सुटतो. ज्या बिशपनें त्याला आसरा दिला त्याचींच चांदीचीं भांडीं तो चोरतो, पकडला जातो, आणि बिशप शिपायांस सांगतो कीं, तीं मीं यास दिलीं आहेत. हादरून गेलेला वालजाँ एकटाच उभा राहून एक पद म्हणतो व आपलें जुनें आयुष्य फाडून टाकतो. सतरा वर्षें जातात. त्याचा जन्मभर पाठलाग करणारा पोलिस अधिकारी झावेर त्याच्या हातीं सांपडतो, आणि वालजाँ त्याला जिवंत सोडतो. आतां हादरण्याची पाळी झावेरची. तोही एकटाच उभा राहून गातो. आणि कान देऊन ऐकलें तर कळतें कीं, चाल तीच आहे! ज्याच्यापासून मीं वाइटाची अपेक्षा केली त्यानें मला जीवदान दिलें, आतां मीं काय करावें, हा दोघांपुढील प्रश्न एकच. एकानें त्यांतून नवा जन्म घेतला. दुसऱ्याला ती दया सोसवली नाहीं, त्यानें सीन नदींत उडी घेतली. (झावेर हा दुष्ट मनुष्य नव्हे, त्याला खलपुरुषासारखा रंगविणारे नट या चालीचा अर्थच गमावितात, असें माझें मत आहे.)

पहिल्या अंकाचा शेवटही असाच आहे. १८३२ च्या जून महिन्यांतील उठावाची ती पूर्वरात्र. (हा उठाव १७८९ च्या राज्यक्रांतीहून अगदीं निराळा.) वालजाँ पळून जाण्याच्या तयारींत, विद्यार्थी लढण्याच्या, झावेर वेषांतराच्या, खाणावळवाला मेलेल्यांचे खिसे कापण्याच्या, प्रत्येक जण आपापल्या चालीवर गातो आणि सर्व चाली एकत्र मिळतात. ताटातुटीच्या दुःखांत असलेली तरुण कोझेत त्या वेळीं जी चाल गाते, ती तिच्या मृत आईच्या विलापांतली आहे. मुलीनें तो विलाप कधींच ऐकलेला नसतो. आपण मात्र ऐकलेला असतो.

देखाव्याचें काय, असें कोणी विचारील. लंडनच्या मूळ प्रयोगांत फिरता रंगमंच होता. (आपल्याकडे तो १९६२ सालीं ‘तो मी नव्हेच’ मुळें घरोघर ठाऊक झाला.) मोडक्या सामानाचा प्रचंड अडसर त्यावर उभा राही, तो फिरला म्हणजे पलीकडे पडलेलीं प्रेतें दिसत, व प्रेक्षक थक्क होत. पण १९९५ सालीं रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें हेंच नाटक नटांनीं ध्वनिक्षेपकापुढें उभें राहून केवळ गाइलें, तरी लोक रडले. पुढें तो फिरता रंगमंचही काढून टाकण्यांत आला. नाटकाचें कांहीं बिघडलें नाहीं. उलट ‘फँटम ऑफ दि ऑपेरा’ या १९८६ च्या नाटकांत झुंबर कोसळतें, तें पाहण्यासारखें असतें. परंतु ती मुख्यत्वें एका नाट्यगृहांतली प्रेमकथा आहे, आणि झुंबर कितीही मोठें केलें तरी तिचें महाकाव्य होणार नाहीं.

ह्यूगोच्या कथेंतला तो उठाव दोन दिवसांत चिरडला गेला. तरुण मेले, रस्ते धुतले गेले. नाटकाच्या शेवटीं म्हातारा वालजाँ मरणोन्मुख असतां जे आधीं मेले ते सर्व हळूहळू रंगमंचावर जमतात, आणि विद्यार्थ्यांनीं पहिल्या अंकांत आवेशानें म्हटलेलें तेंच गाणें, प्रथम अगदीं हलक्या आवाजांत, पुनः सुरू करितात.