मॉरिशसमधला पहिला दिवस

मॉरिशस हे हिंदी महासागरातले एक लहान बेट आहे. मुंबईहून ते सुमारे ४७०० किलोमीटर दूर आहे. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान. पण तो एक स्वतंत्र देश आहे. १२ मार्च १९६८ रोजी तो स्वतंत्र झाला.

आम्ही कोकणातल्या एका कॉलेजचे वीस विद्यार्थी. डिसेंबरच्या सुट्टीत गुरुजींबरोबर आम्ही हा देश पाहायला गेलो. त्यातल्या पहिल्या दिवसाची ही हकीगत.

रात्री मुंबईहून विमान निघाले. सहा-साडेसहा तासांनी उतरलो, तेव्हा तिथे पहाट होत होती. गुरुजी म्हणाले, "घड्याळे दीड तास मागे घ्या." आपले घड्याळ तिथल्या घड्याळाच्या दीड तास पुढे असते.

घरून निघताना अंगात स्वेटर होते. इथे उतरताच घाम फुटला. हे कसे? पृथ्वीच्या मधोमध विषुववृत्त नावाची एक मानलेली रेषा आहे. मुंबई त्या रेषेच्या जेवढी उत्तरेला, जवळजवळ तेवढेच मॉरिशस दक्षिणेला. म्हणून दोन्ही मुलूख उष्णच. पण ऋतू उलटे. आपल्याकडे थंडी, तेव्हा तिथे उन्हाळा. आपला गुलमोहर वैशाखात फुलतो. तिथे तो डिसेंबरात लालभडक फुलला होता! दुपारी पाहिले, तर सूर्य डोक्यावर आणि सावली पायाखाली.

विमानतळावर एक बाई आम्हाला न्यायला आल्या होत्या. त्या तिथल्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून तिथे गेलेले. बाई म्हणाल्या, "या मुलांनो! प्रवास नीट झाला ना?" इतक्या दूर मराठी ऐकून आम्हाला फार बरे वाटले.

बसने आम्ही पोर्ट लुई या राजधानीच्या गावाला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मधेच शेतात काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत. दगड अगदी आपल्या सह्याद्रीतल्यासारखा.

आम्ही विचारले, "काय हो बाई, हे ढीग कशाचे?"

बाई म्हणाल्या, "इथे सगळी जमीन दगडांची होती. आधी गुलामांनी आणि मग आपल्या लोकांनी एकेक दगड हातांनी उचलला. तेव्हा ऊस लागला."

वाटेत न्याहारी केली. तिथे ढोलपुरी मिळते. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण भरलेली ती पातळ पोळी असते. गोड नसते, बरं का! तिच्याबरोबर घेवड्याचा रस्सा आणि चटणी देतात. पैसे देताना नोट पाहिली. तिच्यावर इंग्रजी, तमिळ आणि हिंदीत रक्कम लिहिलेली. हिंदीची अक्षरे आपलीच. आम्ही ती मोठ्याने वाचली.

पोर्ट लुईला समुद्रकाठी एक जागा आहे. तिला आप्रवासी घाट म्हणतात. पूर्वी तिला कुली घाट म्हणत. तिथे दगडी पायऱ्या आहेत. १८३५ साली इंग्रज सरकारने इथली गुलामगिरी बंद केली. आता राबणार कोण, ही मळेवाल्यांना चिंता. म्हणून १८३४ पासूनच त्यांनी हिंदुस्थानातून मजूर आणायला सुरुवात केली. १९२० पर्यंत पाच लाखांच्या जवळपास माणसे आली. बिहारची आली, मद्रासकडची आली, आपल्या मराठी मुलखातलीही आली. २००६ साली हा घाट जागतिक वारसा ठरला.

आमचा पहिला दिवस ढोलपुरी खाण्यात गेला. त्यांचा पहिला दिवस कसा होता? कित्येक आठवडे जहाजातून येऊन ते या पायऱ्या चढत. मग प्रत्येकाला एक नंबर मिळे. त्यानंतर त्यांना मळ्यांवर धाडत.

येण्याआधी त्यांच्याकडून एक करार करून घेत. इंग्रजीत कराराला ॲग्रीमेंट म्हणतात. लोकांच्या तोंडी त्याचे झाले 'गिरमिट'. सुरुवातीच्या करारात पाच वर्षांचे काम आणि महिना पाच रुपये पगार होता. पण एक दिवस कामावर गेले नाही, तर दोन दिवसांचा पगार कापत! बहुतेकांना वाचता येत नव्हते. दुसऱ्याने सांगितले ते ऐकायचे आणि कागदावर निशाणी करायची.

बाई म्हणाल्या, "माझ्या पणजोबांनीही निशाणीच केली. त्या काळच्या वह्या इथे मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. त्यात मला त्यांचा नंबर सापडला, त्यांच्या वडलांचे नाव आणि गावही सापडले. स्वतःबद्दल काय लिहिले आहे, ते पणजोबांना कधी वाचता आले नाही. ते मी वाचले."

आम्ही सगळे गप्प झालो.

१९०१ साली आफ्रिकेतून परत येताना गांधीजी या बेटावर काही दिवस राहिले होते. मुलांना शिकवा, असे त्यांनी इथल्या लोकांना सांगितले. लोकांनी ते मनावर घेतले. मजुरांची नातवंडे शिकली. कोणी शिक्षक झाले, कोणी मंत्री झाले. आज तिथल्या शाळांत मराठीही शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

मंडळी, गिरमिट गेले. पण कागद गेला नाही. आजही ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. सोसायटीचे कर्ज काढताना सही करावी लागते. आता तुम्हाला अक्षर येते. उचल किती, दर किती, मुदत किती, हे आधी वाचा. समजले नाही तर विचारा. मगच सही करा.

सांगा पाहू :
१. मॉरिशसमध्ये डिसेंबरात उन्हाळा का असतो?
२. 'गिरमिट' हा शब्द कशावरून आला?
३. तुम्ही शेवटची सही कोणत्या कागदावर केली? त्यात काय लिहिले होते?