जुनी गाडी देताना भाव कसा करावा
(उरणच्या एका व्यवहारावरून घेतलेला धडा)



बैल घेताना काय बघावं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचा, आणि मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. एका दलालावर विसंबून कुणी बैल घेत नाही. बाजारात दोन फेऱ्या मारल्याशिवाय पैशाला हात लागत नाही. पण तोच शेतकरी शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेला की गार हवेत खुर्चीवर बसतो, चहा घेतो आणि समोरचा सांगेल त्या आकड्यावर सही करून बाहेर येतो. असं का होतं?

एक कारण असं की आपल्याला ठरलेल्या दराची सवय आहे. उसाला केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर ठरवून देतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होता. जुन्या गाडीला असा दर कुणीही ठरवून देत नाही. तिथे काटाही समोरच्याचा आणि उताराही समोरचाच सांगणार. म्हणून जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्याने आपला हिशेब आपण घरूनच करून नेला पाहिजे. तो कसा करावा, एवढाच या धड्याचा विषय आहे.

उरणचा व्यवहार

आमच्या एका सभासदांचा मुलगा उरणला राहतो. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून आपल्या भागातली बरीच मुलं तिकडे कामाला आहेत, त्यांतलाच हा एक. त्याच्याकडे २०१८ साली घेतलेली पेट्रोलची लहान गाडी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. तेव्हा त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्याने ठरवलं, की जुनी द्यावी आणि नवी घ्यावी. वडील आम्हाला म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. पोरगं भोळं आहे, आणि मला त्यातलं काही कळत नाही." आम्हालाही फार कळत होतं असं नाही, पण गेलो.

त्या चार दिवसांत जे शिकलो ते पुढे मांडलं आहे. हिशेब सहज समजावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

पहिला पाठ : व्यवहार एक नाही, दोन आहेत

पहिल्या शोरूमने जुन्या गाडीचे २ लाख ४० हजार सांगितले. वडिलांचा चेहरा पडला. दुसऱ्या शोरूमने एकदम २ लाख ९० हजार सांगितले. वडील तिथेच सही करायला निघाले. आम्ही त्यांना बाहेर आणलं, टपरीवर चहा मागवला आणि एका कागदावर दोन्ही हिशेब समोरासमोर लिहिले.

पहिलं शोरूम : नव्या गाडीची सगळं धरून किंमत ८,००,०००. सूट ४५,०००. जुनी २,४०,०००. वर भरायचे ५,१५,०००.

दुसरं शोरूम : नव्या गाडीची किंमत तीच ८,००,०००. सूट काही नाही. सीट कव्हर, मॅट, बंपर गार्ड वगैरे सक्तीचे २२,०००. जुनी २,९०,०००. वर भरायचे ५,३२,०००.

म्हणजे जिथे जुनीला पन्नास हजार जास्त मिळत होते, तिथेच खिशातून सतरा हजार जास्त जाणार होते. वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढलं की हो!"

गोष्ट एवढीच आहे. जुनी विकणं हा एक व्यवहार आणि नवी घेणं हा दुसरा. दुकानदार दोन्ही एकत्र बांधतो आणि या खिशातले पैसे त्या खिशात टाकतो. आपण ते सोडवून मांडायचे. आधी विचारायचं, "जुनी गाडी नाहीच असं धरा, तर नवी कितीला?" तो आकडा कागदावर लिहून घ्यायचा, त्यात विमा, नोंदणी, कर, सामान हे सगळं वेगळं दाखवून. मगच जुनीचं बोलणं काढायचं. आणि शेवटी एकच आकडा ताडून बघायचा : आपल्या खिशातून एकूण जाणार किती?

हप्त्यावर गाडी घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. "महिन्याला फक्त एवढेच" असं कुणी म्हणालं की मुदत किती वर्षांची आणि एकूण फेड किती, हे लगेच विचारावं. हप्ता लहान करायला मुदत लांबवली की झालं. जुनीचा भाव त्यात कुठे बुडाला ते कळतही नाही.

दुसरा पाठ : दुसऱ्या काट्यावर वजन करा

आमच्या सांगण्यावरून मुलाने गाडी जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या दोन ठिकाणी नेली. एकाने २ लाख ५५ हजार आणि दुसऱ्याने २ लाख ७५ हजार रोख सांगितले.

आता पुन्हा हिशेब केला. पहिल्या शोरूमच्या ४५ हजारांच्या सुटीतले २० हजार हे जुनी गाडी तिथेच दिली तर मिळणारा एक्सचेंज बोनस होता. बाहेर विकली तर तो जाणार. तरीसुद्धा ८,००,००० वजा २५,००० वजा २,७५,००० म्हणजे ५,००,००० रुपयांतच काम होत होतं. हा कागद घेऊन आम्ही पहिल्या शोरूममध्ये परत गेलो. भांडण नाही, आवाज नाही. एवढंच म्हणालो, "बाहेर आम्हाला पाच लाखांत पडते आहे. तुम्ही काय करता?" तासाभराने त्यांनी जुनीचे २ लाख ६० हजार केले. वर भरायचे ४,९५,००० राहिले. तिथे सौदा झाला.

वडील जिथे सही करायला निघाले होते, त्या हिशेबापेक्षा ३७ हजार वाचले. ३,५५० च्या दराने दहा टनांहून जास्त उसाचे हे पैसे. तोडणी, वाहतूक, पाणी, खत करून दहा टन ऊस उभा करायला काय लागतं ते आपण जाणतोच.

तिसरा पाठ : रास्त भाव म्हणजे सगळ्यात मोठा भाव नव्हे

घेणाऱ्याची बाजूही समजून घ्यावी. तो आपली गाडी दुरुस्त करणार, धुऊन-पुसून उभी ठेवणार, तिच्यात पैसा अडकवणार, आणि विकल्यावर त्याच्या नफ्याच्या रकमेवर जीएसटी भरणार. जानेवारी २०२५ पासून हा कर सगळ्या जुन्या गाड्यांना सरसकट १८ टक्के झाला. म्हणून ज्या किमतीला तो पुढे विकेल ती किंमत तो आपल्याला देऊ शकत नाही. आपण घरगुती माणूस थेट दुसऱ्या घरगुती माणसाला विकली तर हा कर लागत नाही आणि दोन पैसे जास्त सुटतात. पण गिऱ्हाईक शोधणं, पैसे वसूल करणं आणि कागद पुरे करणं आपल्या गळ्यात येतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही. नवी गाडी स्वस्त झाली की त्याच जातीची जुनीही उतरते. नवी हजारोंनी खाली आली असताना जुनीला कालचाच भाव कोण देईल? तेव्हा शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी काय मिळालं, त्यावर जाऊ नये. तसंच वर्षाअखेरीला नव्या गाडीवर सूट जास्त मिळते. आणि जानेवारी उजाडला की आपली जुनी कागदावर एका वर्षाने म्हातारी होते. घ्यायचंच असेल तर या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

चौथा पाठ : खोड लपवू नका

उरण तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याचं गाव. करंजा, मोरा, मिठागरं. खारी हवा लोखंडाला लागते. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि गंज लवकर पोसतो. गाडी वरून चकचकीत दिसते, पण खाली वाकून बघा : चाकांच्या वरच्या कमानी, दाराखालची पट्टी, सायलेन्सर, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा. आमच्या या गाडीला दाराखाली गंज चढला होता. वडिलांचं मत पडलं, की वरून काळा रंग मारून टाकू. आम्ही नको म्हणालो. तपासणारा माणूस रोज वीस गाड्या बघतो. ताजा रंग दिसला की तो समजतो, इथे काहीतरी दडवलंय. मग इंजिनाबद्दलही शंका घेतो आणि दुप्पट कापतो. आम्ही स्थानिक मिस्त्रीकडून पत्रा दुरुस्तीचा खर्च लिहून घेतला, सहा हजार. शोरूमवाला गंजापोटी पंधरा हजार कापू लागला तेव्हा तो कागद पुढे केला.

या विषयावर १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला, आणि २००१ साली नोबेल मिळालं त्यात त्या निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचं म्हणणं साध्या शब्दांत असं : जुनी गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्यांनाच मध्यम भाव देतो. त्यात खराब गाडीवाल्याचं फावतं आणि चांगल्या गाडीवाल्याचं नुकसान होतं. आपल्या बैलबाजाराला हे आधीपासून माहीत आहे. म्हणून तर आपण ओळखीच्याचा बैल घेतो. गाडीच्या बाबतीत ही ओळख कागद देतात. सर्व्हिसिंगच्या पावत्या, टायर-बॅटरीची बिलं, विम्याचे कागद एका फाइलीत ठेवले तर भीती कमी होते आणि भाव वाढतो.

पाचवा पाठ : पैसे मिळाले म्हणजे गाडी गेली असं नव्हे

हा पाठ आम्ही स्वतःच्या अंगावर शिकलो. आमच्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी जुनी मोटारसायकल एका दलालाला दिली. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले आणि विसरून गेला. दीड वर्षाने अपघाताच्या दाव्याची नोटीस दारात. गाडी कुणाच्या हातात होती याचा पत्ता नव्हता, पण आरसी बुकावर नाव ह्याचंच! कोर्टाच्या तारखांना जे हेलपाटे झाले त्यात विक्रीचे पैसे केव्हाच संपले.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गाडी कितीही हात फिरली असली तरी अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव असेल तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून पुढील गोष्टी केल्याशिवाय किल्ली देऊ नये :

१) फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सही करावी. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख कोरी ठेवू नये. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

२) १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला आरटीओचं अधिकृतपत्र लागतं. अशा दुकानदाराला गाडी देताना फॉर्म २९-सी भरून कळवलं, की तिथून पुढची जबाबदारी त्याची. अधिकृतपत्र दाखवा म्हणायला संकोच करू नये.

३) गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा.

४) दंडाच्या ऑनलाइन पावत्या भरून टाकाव्यात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का ते बघावं. नसेल तर तेवढे पैसे भावातून कापले जातात.

५) फास्टॅग बंद करावा. नाहीतर अटल सेतूवरून जाईल दुसरा आणि टोल कापला जाईल तुमच्या खात्यातून.

६) विम्याचा 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतं. उरणच्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही विचारलं म्हणून निघालं.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

आपल्यात मोटारवाले थोडे आणि ट्रॅक्टरवाले फार. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी त्याच २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, त्यामुळे जुना देऊन नवा घेण्याकडे ओढा वाढला. वरचे पाचही पाठ ट्रॅक्टरला जसेच्या तसे लागू आहेत. जुन्या ट्रॅक्टरचा भाव वाढवून दाखवायचा आणि नव्याच्या अवजारांत वसूल करायचा, ही युक्ती तीच.

घरी करून बघा

आपल्या दारातल्या गाडीचा किंवा ट्रॅक्टरचा आजचा भाव तीन ठिकाणी विचारा, विकायची नसली तरी. तिन्ही आकडे वहीत लिहा. आरसी बुक, विमा आणि पावत्या एका फाइलीत लावा. मग स्वतःला विचारा : यापूर्वी विकलेली एखादी गाडी अजून आपल्या नावावर तर नाही ना? असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून उद्याच आरटीओची वाट धरा.