पुन्हा एकदा 'मुघल-ए-आझम'

मुलांनो, तुम्ही 'मुघल-ए-आझम' हा चित्रपट पाहिला आहे का? पाहिला असलाच तर बहुधा घरच्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर. मीही लहानपणी तो टीव्हीवरच पाहिला होता. वाळवंटातून अनवाणी चालणारा अकबर बादशहा मला मुंगीएवढा दिसला आणि अर्ध्यातच मला झोप लागली!

माझे नाना मात्र या चित्रपटाचे नाव निघाले की हातातले काम बाजूला ठेवत. ते पुण्यात बुक बाइंडिंगचे काम करत. 5 ऑगस्ट 1960 रोजी हा चित्रपट मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात लागला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मित्रांबरोबर रेल्वेने मुंबईला गेले आणि तिकिटासाठी रात्रभर रांगेत बसले. नाना म्हणत, "बेटा, तोपर्यंत सगळे चित्र काळेपांढरे. मग शीशमहाल आला आणि पडद्यावर एकदम रंग आले! सारे थिएटर श्वास रोखून बसले." हा प्रसंग मी त्यांच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकला असेल.

नाना सांगत ते खरे होते. त्या काळी रंगीत चित्रीकरण फार महाग होते. म्हणून दिग्दर्शक के. आसिफ यांनी शीशमहालातले गाणे आणि शेवटचा काही भाग तेवढा रंगीत केला. महालाचा देखावा उभारायला सुमारे दोन वर्षे लागली. काचकामासाठी फिरोझाबादचे कारागीर आले. पण दिवे लावताच हजारो काचांचा झगझगाट उलटून कॅमेऱ्यावर येई. तो आवरण्याची युक्ती शोधता शोधता छायाचित्रकार आर. डी. माथूर यांची मोठी कसोटी लागली.

यातील सलीम म्हणजे दिलीपकुमार. चित्रपटांत येण्यापूर्वी ते आपल्या पुण्यातच लष्कराच्या कँटीनमध्ये काम करत होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

12 नोव्हेंबर 2004 रोजी हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तोही संपूर्ण रंगीत होऊन. मी तेव्हा सातवीत होते. नाना मला पुण्यातल्या एका चित्रपटगृहात घेऊन गेले. दिवे मालवले. तोच बादशहा, तीच वाळू. पण आता वाळूला अंतच दिसेना! हत्ती चालू लागले तेव्हा मी नानांचा हात घट्ट धरला. आणि भाषा! आपल्या घरातली उर्दू एवढ्या रुबाबात, एवढ्या मोठ्या आवाजात मी प्रथमच ऐकत होते. नाना प्रत्येक संवाद आधीच पुटपुटत होते. पुढचे गृहस्थ दोनदा मागे वळून पाहू लागले.

(अनारकलीची गोष्ट ही दंतकथा आहे. अकबरनाम्यात ती नाही. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ती लिहू नका.)

शीशमहाल जवळ आला तसे माझे लक्ष नानांकडे गेले. ते डोळे मिटून बसले होते. झोपले की काय? मी त्यांना हलवले. "थांब," एवढेच म्हणाले. गाणे सुरू झाले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. बाहेर आल्यावर मी कारण विचारले. "सुरुवातीपासून रंगच रंग. मग रंग येणार कुठून?" ते म्हणाले. "म्हणून थोडा वेळ अंधार करून घेतला."

चित्रपट रंगवला हे चांगले झाले की वाईट, यावर आमच्या घरी बरेच दिवस वाद चालला. माझ्यासारखी मुले त्या रंगांमुळेच थिएटरात गेली, हे मला नाकारता येत नाही. तरीही मला नानांचे म्हणणे पटते. सुदैवाने काळापांढरा 'मुघल-ए-आझम' आजही पाहता येतो.

सगळ्याच चित्रपटांचे नशीब असे नसते. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' 1931 साली आला. त्याची एकही प्रत आज सापडत नाही. जुन्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच अशा जुन्या रिळांना आग लागून कितीतरी ठेवा जळाला. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 1964 पासून तेथे देशभरातले जुने चित्रपट शोधून, थंड खोल्यांत जपून ठेवले जातात. तेथे जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवतातही. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही बरोबर न्या. ते मधेमधे बोलतील, बोलू द्या.