अनुभवाची भूल

प्रश्न : आमची मुलगी बीएएमएस झाली. गावात दवाखाना घालायचा म्हणून गाळाही बघून ठेवला होता. आता ती म्हणते, हैदराबादला जाऊन दोन वर्षं संशोधन शिकायचंय. क्लिनिकल रिसर्च, पब्लिक हेल्थ असं काहीतरी. डॉक्टर झाल्यावर पुन्हा संशोधन शिकायचं ते काय? वीस वर्षं रोगी तपासले की ते आपोआप कळत नाही का?
– एक वडील, देगलूर

उत्तर : वीस वर्षं रोगी तपासले की रोगी कळतात. पण औषधाने गुण आला, की औषध दिलं नसतं तरी आला असता, हे वीस काय, चाळीस वर्षांनीही कळत नाही. उलट दर वर्षी आपलंच खरं असल्याची खात्री वाढत जाते. बरे झालेले लोक पेढे घेऊन येतात. जे बरे झाले नाहीत ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात आणि आपल्या हिशेबातून गळतात.

तुमची मुलगी ज्या शहरात जायचं म्हणतेय, तिथेच याचा एक जुना दाखला आहे. एडवर्ड लॉरी हा निजामाच्या हैदराबादेतला रेसिडेन्सी सर्जन आणि तिथल्या मेडिकल स्कूलचा प्रमुख. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल तेव्हा सर्रास दिली जाई, आणि मध्येच एखादा धडधाकट माणूस टेबलावरच दगावे. हृदय बंद पडून, की श्वास थांबून, यावर डॉक्टरांत दोन तट होते. लॉरी एडिंबरोत साइम या नामांकित सर्जनच्या हाताखाली तयार झालेला. गुरूची शिकवण अशी, की नाडीकडे बघू नका, श्वासावर लक्ष ठेवा. त्या पद्धतीने आपण हजारो भुली दिल्या आणि एकही रोगी गमावला नाही, असं तो सांगे. आता याहून मोठा अनुभव कुठला आणायचा?

१८८८ साली त्याने हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमवून घेतलं. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने १००० पौंड देऊ केले आणि म्हटलं, तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा करून दाखवतो. १८८९ मध्ये सर लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. हृदयाला धोका असतो, असं मानणाऱ्यांपैकी ते एक. या वेळी चारशेहून जास्त जनावरांवर प्रयोग झाले आणि ब्रंटनही लॉरीच्या बाजूला गेले.

एवढा पैसा, एवढी जनावरं, वर विरोधकाचीच साक्ष. तरीही निष्कर्ष चूक निघाला. १९११ साली गुडमन लेव्ही या डॉक्टरने मांजरांवर दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळलं, तर हृदय थरथरून एकाएकी बंद पडतं. घाबरलेल्या रोग्याला भूल नुकती चढत असते तेव्हा नेमकं हेच घडतं. हैदराबादेत मात्र जनावरांना भरपूर क्लोरोफॉर्म देऊन खोल भुलीत नेलं होतं. तिथे श्वासच आधी थांबणार. शिवाय प्रत्यक्षात असा मृत्यू काही हजार भुलींमागे एखादा. तो चारशे जनावरांत दिसायचा कसा?

संशोधनाच्या वर्गात दोन वर्षं जे शिकवतात, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीत आहे. प्रश्न नेमका कोणता? प्रयोगातली परिस्थिती खऱ्या रोग्याच्या परिस्थितीशी जुळते का? क्वचित घडणारी गोष्ट पकडायची तर किती जण लागतील? (याला सॅम्पल साइज म्हणतात, आणि एमडीच्या मुलांना याचाच सगळ्यात धाक असतो.) आणि उत्तर काय यावं याची आपल्या मनात ओढ असेल, तर तिला लगाम कसा घालायचा? कोणाला खरं औषध मिळालं आणि कोणाला नुसती गोळी, हे डॉक्टरलाही कळू न देण्याची रीत यासाठीच पडली. लॉरी लबाड नव्हता. त्याला आपल्या म्हणण्याची पक्की खात्री होती, एवढंच.

आता दुसरी गोष्ट, तुमच्या ताटातली. ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गोरगरिबांत पेलाग्रा दिसे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमिष्ट होते, असा हा रोग. जगभर तो मक्यावर जगणाऱ्यांचा म्हणून ठाऊक होता. ज्वारीचं नाव कोणी घेतलं नव्हतं. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला आली. ती आणणारे संचालक डॉ. वि. ना. पटवर्धन मराठी. त्यांच्यानंतर संचालक झालेले सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकंटिया यांनी १९६० मध्ये मांडलं, की ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसीन या अमिनो आम्लाचा या रोगाशी संबंध असावा. ल्युसीनच्या मुद्द्यावर पुढे बरेच वाद झाले, इतरांना तसे निकाल मिळेनात. पण ज्वारी खाणाऱ्यांतला पेलाग्रा काही खोटा नव्हता. निरीक्षण खरं असलं, तरी त्याचं कारण वेगळं सिद्ध करावं लागतं, ते असं. (भाकरी सोडू नका. सोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले तर काळजीचं कारण नाही. नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांचा तो रोग.) ती प्रयोगशाळा म्हणजे आजची तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था, एनआयएन.

याच संस्थेने १९८७ ते १९९० मध्ये हैदराबादजवळच्या २९ गावांत एक काम हाती घेतलं. १५ गावांत अंगणवाडी पोहोचली होती, तिथे गरोदर बायांना आणि लहान मुलांना पूरक आहार मिळे; १४ गावांत ती अजून यायची होती. त्या मुलांना २००३ ते २००५ मध्ये पुन्हा शोधून काढलं, तेव्हा ती १३ ते १८ वर्षांची झाली होती. आहार मिळालेल्या गावांतली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच भरली. त्यांच्यात इन्सुलिनला होणारा विरोध कमी होता, रक्तवाहिन्याही जास्त लवचीक होत्या. रक्तदाबात मात्र ठोस फरक आढळला नाही. २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हे छापलं. आता शिकलेला विद्यार्थी लगेच विचारणार, की अंगणवाडीची गावं चिठ्ठ्या टाकून निवडली होती का? नव्हती. मग तिथे रस्ता, शाळा, पैसा आधीपासूनच बरा नसेल कशावरून? ही शंका घ्यायला आणि तिचं उत्तर आकड्यांतून काढायला शिकणं, हाच तुमच्या मुलीचा अभ्यासक्रम. मला विचाराल तर दवाखान्याच्या गाळ्याहून ही गुंतवणूक वाईट नाही.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण बंग दांपत्याचं. दोघंही एमडी. तरीही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि मग गडचिरोलीत काम उभं केलं. तिथल्या ३९ गावांत बाळांची घरोघरी काळजी घेतली, ४७ गावं तुलनेला ठेवली. तुलनेची गावं नसती, तर नवजात बाळांचे मृत्यू आपल्या कामानेच कमी झाले हे त्यांना दिल्लीला पटवता आलं नसतं.

आता व्यवहाराचं बोलू. हैदराबादेत या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. एक वाट साथरोगशास्त्र आणि लोकांच्या आरोग्याची. त्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आणि हैदराबाद विद्यापीठ इथे एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) आहे, एनआयएनमध्ये उपयोजित पोषणाची एमएस्सी आहे. एमपीएचला बीएएमएसवाल्यांनाही प्रवेश मिळतो. दुसरी वाट औषधांच्या चाचण्यांची. जीनोम व्हॅलीतल्या लस कंपन्या, चाचण्या चालवून देणाऱ्या कंपन्या (सीआरओ), मोठ्या रुग्णालयांतले कोऑर्डिनेटर, सगळे याच वाटेवरचे. पगार इथे लवकर सुरू होतो. काम बरंचसं कागदांचं आणि तपासणीचं.

दुसऱ्या वाटेचा माल अमीरपेठेतल्या फलकांवर 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या हमीसह विकायला असतो. फी भरण्याआधी विचारा, की पदवी कोणत्या विद्यापीठाची? शिकवणाऱ्यांनी स्वतः एखादी चाचणी चालवली आहे का? विद्यार्थ्याला एथिक्स कमिटीकडून मंजूर झालेला स्वतःचा अभ्यास करायला मिळतो का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर उठून चालू लागा.

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी ही एथिक्स कमिटी म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा प्रकल्प सुरू झाला. आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या घेतल्याचं पुढे बाहेर आलं आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९च्या नव्या नियमांनुसार कमिटीत किमान ७ जण लागतात. त्यात एक सामान्य नागरिक हवा, एक कायदा जाणणारा हवा, एक तरी बाई हवी, आणि निम्मे सभासद संस्थेबाहेरचे हवेत. लिहिता-वाचता न येणाऱ्याची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि माहिती त्याला कळणाऱ्या भाषेतच द्यावी लागते. हैदराबादच्या रुग्णालयांत तुमच्या भागातून जाणारे रोगी कमी नाहीत. तेलुगू आणि उर्दूच्या गर्दीत त्यांना मराठीतून नीट समजावून सांगणारी मुलगी तिथे असली, तर बरंच होईल.

घाईचाही एक किस्सा याच शहराचा. जुलै २०२० मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एका पत्रात इथेच तयार होणारी कोव्हॅक्सिन ही कोविडची लस १५ ऑगस्टपर्यंत आणण्याची भाषा होती. माणसांवरच्या चाचण्या तेव्हा सुरूही झाल्या नव्हत्या. तिसऱ्या टप्प्याला २५,८०० स्वयंसेवक लागले, आणि ७७.८ टक्के परिणामकारकतेचा निकाल 'लॅन्सेट'मध्ये छापून यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. ते पत्र वाचून संशोधन शिकलेल्या कित्येकांनी कपाळाला हात लावला होता.

राहता राहिला तुमचा गाळा. तो लगेच सोडू नका आणि मुलीलाही अडवू नका. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे संशोधनाची ओळख करून देणारे अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत. त्यांतलाच एक एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. तिला घरी बसून त्यातला एखादा पुरा करू द्या. संख्याशास्त्राच्या धड्यांना ती कंटाळली, तर हैदराबादचं भाडं वाचलं. नाही कंटाळली, तर एमपीएचच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आणि प्रवेश परीक्षेला जाताना बीएएमएसच्या नोंदणीचा दाखला बरोबर असू द्या.