पाणी बाहेर कसं जातं, ते आधी बघा

मुंबईत हिंदमाताला राहणाऱ्या माणसाला, पाणी घरात शिरू शकतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमचा भाग सखल. पंप बसले, जमिनीखाली साठवण टाक्या झाल्या, तरी जाळीत प्लॅस्टिक अडकलं की पाणी दुकानाच्या पायऱ्या चढायला लागतं. शिडाच्या बोटीने मुंबईहून सेशेल्सला निघालो तेव्हा बोटीच्या तळातही हीच गोष्ट भेटली.

विषुववृत्ताजवळ पावसाची सर आली, बोट कलंडली आणि माझ्या पाळीतच खालच्या फळ्यांवर पाणी दिसलं. पंपाची मोटर चालू होती, पण बाहेर थेंब पडत नव्हता. आमच्या कप्तानाने पहिल्यांदा काय केलं, तर ते पाणी चाखलं. गोडं असतं तर पिण्याची टाकी फुटलेली. खारं म्हणजे समुद्र आत आलाय. खारं निघालं. इंजिनाचा शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथलं पॅकिंग सैल झालं होतं. ज्या यार्डात बोट दुरुस्तीला होती, तिथे ते नवं घातल्याचं सांगितलं होतं.

पण गळती छोटी होती. घात केला तो डब्यांवरच्या कागदांनी. टिनमधल्या भाज्यांची लेबलं ओलीने सुटली, त्यांचा लगदा झाला आणि पंपाच्या तोंडाची जाळी बुजली. काळोखात हात घालून तो काढेपर्यंत बाकीचे बादल्यांनी उपसत होते.

म्हणून सांगतो. डबे बोटीवर चढवण्याआधी सगळी लेबलं सोलून टाका, आत काय आहे ते पक्क्या शाईने पत्र्यावर लिहा. तळातली जाळी रोज हाताने साफ करा. हातपंपाचे किती दट्टे मारल्यावर तळ कोरडा होतो, तो आकडा रोज वहीत मांडा. आकडा वाढला की गळती वाढली, हे डोळ्यांना दिसण्याआधी वही सांगते. तळातला प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवून बघा आणि त्याच्याशेजारी त्याच मापाचं मऊ लाकडाचं बूच दोरीने बांधून ठेवा. गोडं पाणी वाचवायला भांडी खाऱ्या पाण्याने घासा, आणि पिण्याचं पाणी एकाच टाकीत कधीही ठेवू नका.

‘सुहैली’ची आठवण मुंबईकरांनी तरी ठेवायला हवी. ही सागवानी बोट आपल्याच मुंबईत बांधलेली, जेमतेम 32 फुटांची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन जून 1968 मध्ये तिच्यातून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता 312 दिवसांत जगाला वळसा घालून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. असं करणारे ते पहिलेच. वाटेत अटलांटिकमध्ये तळाच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा त्यांनी पाण्यात उतरून, बुड्या मारून सांधे बुजवले आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. पुढे टाक्यांतलं पिण्याचं पाणीही खराब झालं आणि पावसाच्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागली. शौर्य म्हणून हे सगळे सांगतात. मला त्यात रोजची देखभाल दिसते, आणि ती अधिक मोठी वाटते.

तुम्ही निघणार असाल तर धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या तळात दोन-तीन बादल्या पाणी ओता. पंप ते बाहेर टाकतो का, बघा. हातपंपही मारून बघा. दोन्हींतला एकही अडला, तर दोर सोडू नका.