मोटारबोटीच्या एंजिनाची ताकद कशी वाढते?

तळ्याच्या पाण्यावर मोटारबोट भरधाव चालली आहे. तिच्या मागे लांब दोर. दोराचे टोक धरून, पायांना फळ्या बांधून एक खेळाडू पाण्यावरून सर्रकन घसरत येतो आहे. हा खेळ तुम्ही चित्रात किंवा पडद्यावर पाहिला असेल. याला 'वॉटर स्कीइंग' म्हणतात.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचे गाव आहे. तेथील पेपिन सरोवरावर १९२२ साली राल्फ सॅम्युअलसन या तरुणाने हा खेळ प्रथम साधला. लाकडी फळ्यांची टोके त्याने उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली. त्याचा भाऊ बेन बोट चालवीत होता. कितीतरी वेळा तो पाण्यात पडला. अखेर मागे रेलून आणि फळ्यांची टोके वर ठेवून तो पाण्यावर उभा राहिला. पुढे या खेळासाठी खास बोटी निघाल्या. त्यांचे एंजिन बोटीच्या पोटात, मध्यभागी असते. त्यातून निघालेला दांडा तळातून बाहेर जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो.

अशा जुन्या बोटीच्या मालकाला एक प्रश्न हमखास पडतो: 'एंजिनाची ताकद आणखी वाढवता येईल का?' येते. पण कशी, किती, आणि वाढवताना कोणती काळजी घ्यायची, हे समजण्यासाठी एंजिनाच्या पोटात शिरायला हवे. चला तर!

एंजिन म्हणजे हवेचा पंप

१९७० व १९८० च्या दशकांत अमेरिकेतील अनेक स्की-बोटींत फोर्ड कंपनीचे '३५१ विंडसर' हे एंजिन असे. हे मुळात १९६९ साली मोटारगाड्यांसाठी निघालेले एंजिन. कॅनडातील विंडसर शहरात ते तयार होई, म्हणून हे नाव. ३५१ हा आकडा घन इंचांचा. आपण तो सेंटिमीटरमध्ये काढू.

या एंजिनात आठ सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास १०.१६ सेंमी. दट्ट्याची धाव, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे अंतर, ८.८९ सेंमी. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हांला ठाऊकच आहे. त्यावरून एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ७२१ घन सेंमी येते, आणि आठांचे मिळून ५,७६६ घन सेंमी, म्हणजे पावणेसहा लिटरच्या किंचित वर.

चार-धावी एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो. समजा, एंजिन मिनिटाला ४,४०० फेरे करीत आहे. मग ते मिनिटाला २,२०० वेळा पूर्ण भरेल. ५.७७ ला २,२०० ने गुणा. उत्तर सुमारे १२,७०० लिटर! पण झडपा क्षणभरच उघडतात, नळ्या अरुंद व वाकड्या असतात. त्यामुळे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ते ८० टक्के भरतात असे धरू. म्हणजे १०,१५० लिटर, वजनाने सुमारे १२ किलो हवा.

पूर्ण ताकदीला १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते असे धरले, तर मिनिटाला ०.९४ किलो पेट्रोल जळेल. एक किलो पेट्रोलमधून सुमारे ४४० लाख ज्यूल उष्णता मिळते. हिशेब केला तर जवळजवळ ६९० किलोवॅट! पण एंजिनाची ताकद २४० अश्वशक्ती, म्हणजे १७९ किलोवॅटच. बाकीची सुमारे तीन चतुर्थांश उष्णता गेली कोठे? काही थंड करणाऱ्या पाण्यात, काही जळालेल्या वायूंबरोबर बाहेर, थोडी घर्षणात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. नुसते पेट्रोल जास्त ओतून ताकद वाढत नाही. ते जाळायला हवाही तितकीच हवी. ताकद वाढवणे म्हणजे एंजिनाला जास्त हवा देणे, किंवा मिळालेल्या उष्णतेतून जास्त काम काढणे.

चार वाटा

पहिली वाट: श्वास मोकळा करणे. एका बारीक नळीतून थोडा वेळ श्वास घेऊन पाहा आणि मग जाड नळीतून. फरक लगेच कळेल. एंजिनाचेही तसेच. मोठ्या झडपा आणि रुंद, गुळगुळीत मार्ग असलेली सिलिंडरची डोकी बसवली, झडपा उघडणारा कॅमचा दांडा बदलला, की झडपा जास्त वर आणि जास्त वेळ उघडतात. ८० टक्क्यांऐवजी ९० टक्के भरण झाले, तर हवा साडेबारा टक्क्यांनी वाढली.

दुसरी वाट: मिश्रण जास्त दाबणे. सिलिंडरमधील मिश्रण आठव्या हिश्श्यात दाबण्याऐवजी साडेनवव्या हिश्श्यात दाबले, तर तेवढ्याच पेट्रोलमधून आदर्श गणिताप्रमाणे सुमारे ५ टक्के जास्त काम मिळते. पण अति दाबले की मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकते. मग एंजिनातून टक्-टक् आवाज येतो आणि दट्ट्यांना भोके पडू शकतात. म्हणून दाब वाढवला की जास्त ऑक्टेन अंकाचे पेट्रोल लागते.

तिसरी वाट: पोट मोठे करणे. ८.८९ सेंमीऐवजी १०.१६ सेंमी धाव देणारा भुजादंड बसवला, तर घनफळ ६,५८९ घन सेंमी होते, म्हणजे १४ टक्के वाढ. याने कमी फेऱ्यांतही ताकद वाढते. पण भुजादंड, जोडदांडे, दट्ट्ये असे सगळेच बदलावे लागते.

चौथी वाट: फेरे वाढवणे. ही सोपी वाटते, पण सर्वांत घातक. दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि पुन्हा पळतो. त्याला थांबवण्यास लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४,४०० वरून ५,५०० फेऱ्यांवर गेलात, तर फेरे सव्वापट. पण बल मात्र दीडपटीहून जास्त!

पहिल्या दोन वाटांचा हिशेब असा: १.१२५ × १.०५ = १.१८. म्हणजे २४० चे सुमारे २८३ अश्वशक्ती. साधारण येथेच शहाणा मनुष्य थांबतो.

गाडीत चालते, बोटीत का नाही?

गाडीचे एंजिन सपाट रस्त्यावर आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. उतार लागला की विश्रांतीही मिळते. बोटीला उतार नाही! तिचे एंजिन म्हणजे सतत घाट चढणारी गाडी. म्हणून गाडीच्या शर्यतीत चालणारी युक्ती येथे अंगाशी येऊ शकते.

कॅमच्या दांड्याचेच घ्या. शर्यतीच्या दांड्यामुळे आत घेणारी व बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा काही काळ एकदमच उघड्या राहतात. जास्त फेऱ्यांवर याचा फायदा होतो. पण मंद फेऱ्यांवर सिलिंडरमधील कमी दाब बाहेर गेलेले वायू मागे ओढतो. आता लक्षात घ्या, बोटीत एंजिन थंड केलेले तळ्याचे पाणी याच बाहेर जाणाऱ्या वायूंत मिसळून सोडलेले असते. वायूंबरोबर पाणीही मागे ओढले गेले तर? आतले भाग गंजतात. आणि पाणी जास्त शिरले, तर ते दाबले जात नाही, जोडदांडाच वाकतो! म्हणून बोटीसाठी बेताने झडपा उघडणारा दांडाच निवडतात.

आणखी एक गंमत. काही बोटींची एंजिने गाडीच्या उलट दिशेने फिरतात. त्यांना गाडीचा दांडा बसवून चालत नाही.

ताकद वाढली, वेग किती वाढला?

वेग वाढवायचा तर लागणारी ताकद त्याच्या वर्गाच्या ते घनाच्या प्रमाणात वाढते. ताकद २४० वरून ३०० केली, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढवली, तरी वेग ८ ते १२ टक्केच वाढतो. ताशी ७२ किमी धावणारी बोट ७८ ते ८० किमीच्या आसपास जाईल. एवढाच लाभ!

मग खटाटोप कशासाठी? स्कीच्या नागमोडी शर्यतीत पुरुषांसाठी बोटीचा जास्तीत जास्त वेग ताशी ५८ किमी ठरलेला आहे, महिलांसाठी ५५ किमी. त्यापुढे वेग वाढवत नाहीत; खेळ कठीण करण्यासाठी १८.२५ मीटरचा दोर आखूड करीत जातात. म्हणजे खरी कसोटी कमाल वेगाची नाही. खोल पाण्यात बसलेल्या खेळाडूला झटक्यात वर काढणे आणि त्याने दोर ओढला तरी वेग न ढळू देणे, ही आहे.

समजा, वळण घेताना खेळाडूची ओढ १,००० न्यूटनांनी वाढली. ताशी ५८ किमी म्हणजे सेकंदाला १६.१ मीटर. बल गुणिले वेग, म्हणजे १६.१ किलोवॅट, सुमारे २२ अश्वशक्ती. पंखा एंजिनाच्या ताकदीचा सुमारे ६० टक्के भागच कामी आणतो असे धरले, तर एंजिनाला ३६ अश्वशक्ती जादा द्यावी लागेल, तीही क्षणात!

यात पंख्याचा वाटा मोठा असतो. पंखा म्हणजे पाण्यात शिरणारा स्क्रू. तो एका फेऱ्यात ३३ सेंमी पुढे सरकायचा असेल, तर ३,४०० फेऱ्यांवर वेग ताशी ६७ किमी यायला हवा. पण पाणी लाकडासारखे घट्ट नसते. पंखा १४ टक्के घसरतो आणि वेग ५८ किमीच भरतो. कमी पिळाचा पंखा लावला, तर एंजिन फेरे लवकर घेते आणि बोट चटकन उठते, पण कमाल वेग घटतो. सायकलच्या गिअरसारखेच हे! म्हणून जाणकार मालक एंजिन उघडण्याआधी पंखा बदलून पाहतो.

सर्वांत आधी सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. रस्त्यावरच्या गाडीखालून ती निघून जाते. बोटीचा तळ मात्र बंद. तेथे ती पाण्यासारखी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के झाले, की एक ठिणगी पुरते. मोटारगाडीचा स्वस्त स्टार्टर, डायनॅमो किंवा कार्ब्युरेटर बोटीत बसवणे म्हणजे जिवाशी खेळ. बोटीच्या सुट्या भागांची बांधणीच अशी असते की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचत नाही. कार्ब्युरेटर भरून वाहिला तरी पेट्रोल एंजिनाच्या घशात जाते, तळात सांडत नाही. त्याच्या डोक्यावर ज्वालारोधक असतो. १८१५ साली सर हंफ्री डेव्ही यांनी केलेला खाणकामगारांचा दिवा तुम्ही अभ्यासला असेल. तत्त्व तेच: धातू ज्योतीची उष्णता शोषून घेतो आणि ज्योत पलीकडे जात नाही. शिवाय एंजिन सुरू करण्याआधी निदान चार मिनिटे तळातील हवा बाहेर काढणारा पंखा चालवायचा आणि नाकाने वास घेऊन पाहायचा, हा नियम आहे.

नव्या बोटींत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलची फवारणी आणि गणकयंत्राचे नियंत्रण आले आहे. पण हवा, उष्णता आणि पाणी यांचे नियम तेच आहेत. ताकद वाढवणारा मोठा नव्हे. वाढलेली ताकद कोठे जाईल हे आधी ओळखतो, तो खरा कारागीर.

करून पाहा

मोठ्या माणसाला जवळ बसवून मेणबत्ती लावा. जाड तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढ्यांचे वेटोळे करा. तारेचे दुसरे टोक लाकडी चिमट्यात धरून वेटोळे ज्योतीवर अलगद उतरवा. ज्योत विझते. आता वेटोळे आधी तापवून तोच प्रयोग करा. आता ज्योत टिकून राहते. असे का? विचार करा.

सोडवा

१. सहा सिलिंडर, व्यास १० सेंमी, धाव ९ सेंमी. एंजिनाचे एकूण घनफळ किती?
२. फेरे ४,००० वरून ५,००० केले, तर दट्ट्या थांबवण्याचे बल कितीपट होईल?

उत्तरे: १. सुमारे ४,२४१ घन सेंमी. २. सुमारे १.५६ पट.