बांधकामाची तेजी ओसरल्यानंतर

चंदीगडच्या दुसऱ्या टप्प्यात सेक्टर 31 ते 47 उभे राहिले. सेक्टर 39 त्यांपैकीच एक. शहर उभारणाऱ्या मजुरांसाठी मात्र मूळ आराखड्यात पुरेशी तरतूद नव्हती. अनेकजण तात्पुरत्या वसाहतींतच राहिले. घर पूर्ण झाले की ते बांधणाऱ्याचा रोजगार संपतो, हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य होय. तेजीत पुढचे काम लगेच मिळते. मंदीत गवंडी, सुतार, बिगारी नाक्यावरून रिकाम्या हाताने परततात.

यासाठी 1996 च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर 1 ते 2 टक्के उपकर आणि राज्यस्तरीय कल्याण मंडळे यांची तरतूद केली. परंतु लाभार्थी होण्यासाठी मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस काम केलेले असणे आवश्यक ठरले. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही ही अट कायम आहे. परिणामी, काम आटते तेव्हाच पात्रता धोक्यात येते. मार्च 2020 मध्ये केंद्राने राज्यांना उपकर निधीतून कामगारांच्या बँक खात्यांत मदत जमा करण्यास सांगितले. नोंदणी नसलेले त्यापासून दूर राहिले.

तात्पर्य, मंदीतील संरक्षणाची पायाभरणी तेजीच्या काळातच, नोंदणीद्वारे, व्हावयास हवी.